कूपन लावण्याआधी भाव-वही: महिन्याच्या सामानात खरी बचत कशी सुरू करावी

महिन्याच्या सामानाच्या बिलाखाली हल्ली एक ओळ ठळक छापलेली असते: ‘आज तुमची बचत ६४२ रुपये’. अ‍ॅपवरून मागवलं तर तीच ओळ हिरव्या रंगात झळकते. हा आकडा खोटा नसतो, पण तो छापील किमतीपासून, म्हणजे एमआरपीपासून मोजलेला असतो. एमआरपी ही उत्पादकाने पुड्यावर छापलेली कमाल किंमत. त्याहून एक रुपयाही जास्त घेणं बेकायदेशीर आहे. कमी मात्र कितीही घेता येतं. त्यामुळे ज्या वस्तूला गल्लीतला वाणीसुद्धा छापील किंमत लावत नाही, तिच्यावर कुणी ‘२५ टक्के सूट’ दिली तर तुमच्या खिशात नेमके किती वाचले हे त्या २५ वरून कळत नाही.

कूपनं, कॅशबॅक, बँकांच्या ऑफर यांतून पैसे वाचतात, आणि चांगले वाचतात. ज्या घरात महिन्याकाठी दहा-बारा हजारांचं वाणसामान येतं तिथे तर हे शिकून घेतलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. फक्त सुरुवात कूपनापासून करायची नाही. सुरुवात आपल्या घरातल्या भावांपासून करायची.

पहिलं काम: भाव-वही

एक साधी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये तक्ता करा. गेल्या दोन महिन्यांची बिलं शोधा. कागदी बिलं टाकून दिली असतील तर अ‍ॅपमधल्या जुन्या ऑर्डरी उघडा, दुकानाने मेसेजवर पाठवलेली बिलं पाहा. त्यातून घरात दर महिन्याला न चुकता लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू वेगळ्या काढा. तेल, तूरडाळ, साखर, चहा, गहू किंवा आटा, तांदूळ, पोहे, रवा, शेंगदाणे, तूप, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, भांड्यांचा बार, फिनेल. लहान मूल असेल तर डायपर. बहुतेक घरांत बिलाचा मोठा भाग याच वस्तूंचा असतो. उरलेल्या शंभर किरकोळ गोष्टींच्या मागे सध्या लागू नका.

प्रत्येक वस्तूसमोर लिहा: कोणत्या कंपनीची, किती वजनाची, हातात प्रत्यक्ष किती रुपयांना पडली, कुठून, कोणत्या तारखेला. शेवटी एक रकाना ठेवा तो प्रति किलो किंवा प्रति लिटर भावाचा. हा शेवटचा रकाना म्हणजे सगळ्या वहीचा जीव आहे. तो भरला की पुढे कुठलीही ऑफर आली तरी एकच प्रश्न विचारायचा: माझ्या वहीतल्या सगळ्यात कमी भावाच्या खाली ही जाते का? जात असेल तर ती सूट. नसेल तर ती जाहिरात.

वही जुनी असेल तर एक दुरुस्ती लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर आले. त्यामुळे या वस्तूंचे त्याआधीचे भाव खोडून नवे लिहा. नाहीतर करकपातीमुळे उतरलेली किंमतही तुम्ही कुठल्यातरी कूपनाच्या खात्यावर जमा करून बसाल.

वजन वाचायची सवय

२०२१ साली वेष्टनबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पुड्यावर एमआरपीबरोबर ‘प्रति ग्रॅम’, ‘प्रति किलो’, ‘प्रति मिलि’ असा एकक भाव छापणं आलं. अक्षरं बारीक असतात, पण असतात. त्याच दुरुस्तीने ठरावीक वजनाच्याच पुड्यांत माल विकण्याची जुनी सक्तीही गेली, म्हणून आता ८५० ग्रॅम, ४४० ग्रॅम, १७५ मिलि अशी अडनिडी वजनं दिसतात. पाच आणि दहा रुपयांचे बिस्किटांचे पुडे तर वर्षानुवर्षं त्याच किमतीला राहिले आणि आतली बिस्किटं कमी होत गेली.

सगळ्यात जास्त गोंधळ तेलात होतो. खाद्यतेल पाण्याहून हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेल्फवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्या दिसायला सारख्या असतात, पण एकीवर १ लिटर (९१० ग्रॅम) लिहिलेलं असतं आणि दुसरीवर ८५० ग्रॅम. समजा पहिली १४५ रुपयांना आहे आणि दुसरी ऑफरमध्ये १३८ ला. सात रुपये वाचले असं वाटतं. हिशोब केला तर पहिली १५९ रुपये किलो पडते आणि दुसरी १६२ रुपये किलो. डब्याचंही तसंच. बाजारात १५ लिटरचा डबा असतो आणि १५ किलोचाही असतो. १५ लिटर म्हणजे जेमतेम साडेतेरा किलोंच्या थोडं वर. समजा लिटरचा डबा २१०० ला आणि किलोचा २२५० ला मिळतोय. दीडशे रुपयांनी महाग दिसणारा किलोचा डबा १५० रुपये किलो पडतो, ‘स्वस्त’ डबा जवळजवळ १५४ रुपये किलो. तेलाची वहीत नोंद करताना नेहमी किलोवर आणूनच करा.

मोठा पुडा स्वस्त पडतो हे गृहीत धरू नका. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्यांची लडी घेऊन तिचा प्रति मिलि भाव काढा आणि मोठ्या बाटलीशी ताडून पाहा. आपल्याकडे बऱ्याचदा लडीच स्वस्त पडते. (प्लॅस्टिकचा कचरा मात्र वाढतो, तो विचार ज्याने त्याने करावा.) चहाच्या पुड्याबरोबर वाटी, पावडरीबरोबर बादली फुकट असली तर ती वस्तू घरात खरंच हवी होती का एवढंच बघा, हवी नसेल तर तिची किंमत शून्य धरून पुड्याचा भाव काढा.

सूट येते कुठून

अमेरिकेत कूपनांची परंपरा जुनी आहे. १८८७-८८ च्या सुमारास अटलांटात कोका-कोलाने एक पेला मोफत देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि पुढे रविवारच्या वर्तमानपत्रातली कूपनं कात्रीने कापून काउंटरवर देणं तिथल्या अनेक घरांत नेहमीचं झालं. आपल्याकडे किराण्यात कागदी कूपन तसं रुजलं नाही. मराठी दैनिकांच्या वाचक योजनांत रोजचं कूपन कापून तक्त्यावर चिकटवायचं आणि शेवटी भेटवस्तू घ्यायची, ही आपल्या ओळखीची कूपनं. वाणसामानावरची सूट मात्र वेगळ्या वाटांनी येते, आणि प्रत्येक वाटेचा स्वभाव वेगळा.

पुड्यावरची ऑफर कंपनी देते: २० टक्के जास्त, तीनवर एक मोफत, ‘दहा रुपये कमी’. ही कुठल्याही दुकानात मिळते, हिला कोड लागत नाही, आणि नवशिक्यासाठी सगळ्यात सोपी हीच.

दुकानाचा किंवा अ‍ॅपचा कोड ही दुसरी वाट. किमान इतक्याची खरेदी करा, इतके टक्के उतरतील. नव्या ग्राहकासाठीचे कोड सगळ्यात घसघशीत असतात, म्हणून पहिली ऑर्डर चार वस्तूंवर वाया घालवू नका. महिन्याची यादी तयार असेल त्या दिवशीच ते अ‍ॅप पहिल्यांदा वापरा.

तिसरी वाट बँकेची: अमुक बँकेच्या कार्डावर अमुक वारी १० टक्के. चौथी कॅशबॅक आणि पॉइंटांची, म्हणजे पैसे आता पूर्ण द्या, काही भाग नंतर वॉलेटमध्ये येईल. पाचवी गिफ्ट कार्डांची. काही बँकांच्या अ‍ॅपवर आणि बऱ्याच नोकरदारांना कंपनीच्या पोर्टलवर मोठ्या दुकानांची गिफ्ट कार्डं दोन-चार टक्के कमी किमतीत मिळतात. यादीचं सामान तुम्ही तिथूनच घेणार असाल तर ही सूट दर महिन्याला, सणवार नसतानाही मिळते आणि तिला फारशा अटी नसतात. लोक हिच्याकडे दुर्लक्ष करतात याचं मला वाईट वाटतं. बँकेच्या किंवा परवानाधारक कंपनीच्या प्रीपेड गिफ्ट कार्डाची मुदत रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान एक वर्षाची असते आणि एका कार्डात दहा हजारांहून जास्त रक्कम नसते. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःपुरतं काढलेलं व्हाउचर असेल तर त्यावरची मुदत स्वतः वाचून घ्या.

काही दुकानं कूपनांच्या फंदात पडतच नाहीत. पवईत २००२ साली पहिलं दुकान उघडलेल्या डी-मार्टचं धोरण रोजच एमआरपीच्या खाली विकण्याचं आहे. तिथे कोड शोधण्यात वेळ घालवू नका, तिथले भाव वहीत उतरवून घ्या. अ‍ॅपवरची ऑफर तपासायला तो चांगला पाया होतो. कधीकाळी बिग बझारच्या ‘सबसे सस्ते दिन’साठी २६ जानेवारीला रांगा लागत; तशा सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्यांच्या ऑफर आता ऑनलाइन चालतात. पगाराच्या आठवड्यात, म्हणजे एक तारखेपासून सात-आठ तारखेपर्यंत, किराण्याच्या ऑफर जास्त दिसतात. महिन्याची मोठी खरेदी त्या दिवसांत धरा.

अटींचं गणित

प्रत्येक कोडाच्या पोटात तीन आकडे असतात: टक्के, किमान खरेदी आणि कमाल सूट. पहिला मोठ्या अक्षरात असतो, उरलेले दोन शोधावे लागतात.

समजा कोड म्हणतो २० टक्के सूट, किमान खरेदी ९९९, कमाल सूट १५०. हजार रुपयांच्या बिलावर २० टक्के म्हणजे दोनशे, पण मिळतील दीडशेच. म्हणजे सूट झाली १५ टक्के. दोन हजारांच्या बिलावरही दीडशेच, म्हणजे साडेसात टक्के. तीन हजारांवर पाच. या कोडाचा पूर्ण फायदा हजाराच्या आसपासच्या बिलावर आहे. अशा वेळी यादीचे दोन भाग करा, घरातल्या दोघांच्या खात्यांवरून दोन ऑर्डरी करा. नाहीतर निम्मी यादी या दुकानातून आणि निम्मी दुसरीकडून घ्या. कोड ‘एका खात्याला एकदाच’ असेल तर तेही आधीच वाचलेलं बरं.

आता उलट बाजू. यादी ८४० रुपयांची झाली आणि कोडाला ९९९ हवेत. मग १६० रुपयांचं काय घ्यायचं? यादीतलीच एखादी टिकाऊ वस्तू पुढच्या महिन्यासाठी आत्ता घेता येत असेल, साबण, पावडर, टूथपेस्ट, तर घ्या. चॉकलेट आणि चिप्सनी १६० भरून दीडशेची सूट मिळवली तर खिशातून उलट दहा रुपये जास्तच गेले.

ऑर्डर पक्की करण्याआधी बिलाची शेवटची ओळ बघा. डिलिव्हरी, हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क, पावसाचं किंवा गर्दीच्या वेळेचं शुल्क असं मिळून कूपनाने दिलेलं सगळं परत जाऊ शकतं. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपवर हे फार होतं, कारण तिथे माणूस दोन-तीन वस्तूंसाठीच जातो. कधी न विचारता देणगीची किंवा टिपची रक्कम टोपलीत टाकलेली असते. अशा युक्त्यांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात न विचारता टोपलीत वस्तू घुसवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क उघड करणं, ‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणं हे सगळं अनुचित म्हणून नोंदवलं आहे. देणगीची किंवा टिपची ती खूण काढून टाकायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एकावर एक सूट कशी लावायची

ज्या दिवशी पुड्यावरची ऑफर, अ‍ॅपचा कोड आणि बँकेची सूट तिन्ही एकाच ऑर्डरवर बसतात, तो दिवस या छंदातला आनंदाचा दिवस. क्रम असा ठेवा. आधी मुळातच कमी भावाला असलेला पुडा निवडा. मग अ‍ॅपचा कोड लावा. शेवटी पैसे देताना बँकेची ऑफर. समजा टोपली १००० ची झाली; कोडाने १०० उतरले, राहिले ९००; बँकेचे १० टक्के त्या ९०० वर, म्हणजे ९०. हातात पडलं ८१० ला. दोन्ही ऑफर मिळून २० टक्के होतील असं तोंडी गणित करू नका, ते १९ च भरतात.

सगळं सगळ्यावर बसत नाही. गिफ्ट कार्डाने पैसे दिले की बँकेच्या कार्डाची सूट सहसा मिळत नाही, कारण बँकेचं कार्ड वापरलंच गेलं नाही. दोन कोड एकत्र चालत नाहीत. अशा वेळी दोन्ही रकमा रुपयांत काढा, टक्क्यांत नको, आणि जी मोठी असेल ती घ्या.

कॅशबॅक आणि बिलातून लगेच वजा होणारी सूट यांना मी एका पंगतीत बसवत नाही. वॉलेटमध्ये पन्नास रुपये येणार, ते तीस दिवसांत वापरायचे, त्यासाठी पुन्हा पाचशेची खरेदी करायची, अशी अट असेल तर वहीत त्याची नोंद आज करू नका. ते पन्नास खरोखर वापरले जातील त्या दिवशी करा.

क्रेडिट कार्डाबद्दल एकच गोष्ट, पण कळकळीने. किराण्यावर पाच टक्के परत देणारी कार्डं चांगली आहेत, ज्यांच्याकडे दर महिन्याचं पूर्ण बिल मुदतीत भरायची शिस्त आहे त्यांच्यासाठी. बिल मागे राहिलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं. वर उशिराचा दंड आणि त्यावर जीएसटी. दोन महिन्यांत पाच टक्के तर जातातच, गाठीचेही जातात. ज्या घरात आधीच कार्डाची थकबाकी आहे, तिथे कार्डाच्या ऑफरचा विचार ती फिटेपर्यंत बाजूला ठेवा.

वाण्याला विचारा

अ‍ॅपवर कोड शोधणारी माणसं कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र काही विचारत नाहीत. कंपन्या दुकानदारांना स्कीम देतात: डझनावर एक, पेटीवर दोन. ती पुड्यावर छापलेली नसते, त्यामुळे ती तुमच्यापर्यंत पोचवायची की नाही हे त्याच्या हातात असतं. महिन्याची यादी घेऊन जा आणि सरळ बोला: “काका, दर महिन्याचं सगळं सामान तुमच्याकडूनच नेईन, पैसे लगेच देईन. तेलाचा आणि डाळीचा काय भाव लावाल?” पाहिजे तर वहीतला दुसरीकडचा भाव सांगा. कधी तो तेवढाच लावतो, कधी म्हणतो, “ताई, साखरेत काही राहत नाही, पण चहात आणि साबणात करून देतो.” असं मोकळेपणी बोलणारा दुकानदार सोडू नये. घरपोच पाठवायचे तो पैसे घेत नाही, खवट शेंगदाणे निघाले तर बदलून देतो, आणि हे कुठल्याही कोडात बसत नाही.

सुट्या मालाला तर तोच बरा. वेष्टनातल्या सुक्या मेव्यावर, मसाल्यांवर, डब्यांवर ‘छापील ३९९, आमच्याकडे १९९’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो ३९९ चा भाव कुठेच चालू नसतो असंही होतं. बदाम, वेलची, मिरे यांचा किलोचा भाव भुसार बाजारात किंवा ओळखीच्या दुकानात विचारून वहीत ठेवा.

किती साठवायचं

चांगली ऑफर दिसली की हात सैल होतो. साठ्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवली तर हा मोह आवरतो. साबण, टूथपेस्ट, भांड्यांचा बार, डायपर हे तीन-चार महिन्यांचं भरायला हरकत नाही. (डायपरचा पुढचा साइज लक्षात घ्या, मूल थांबत नाही.) चहा, साखर, मीठ दोन महिन्यांचं. तेल महिना-दीड महिन्याचं, कारण उन्हाळ्यात गरम स्वयंपाकघरात उघडा डबा लवकर खवट होतो. रवा, बेसन, मैदा, शेंगदाण्याचं कूट यांना ऑफर कितीही गोड असो, जून ते सप्टेंबर या काळात एका महिन्याहून जास्त भरू नका. पावसाळ्यात जाळ्या होतात. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत कपड्यांची पावडरसुद्धा उघड्या पिशवीत दगड होते.

गहू, तांदूळ, डाळ आणि मिरची यांचा खरा सवलतीचा काळ कुठल्याही सेलच्या जाहिरातीत सापडणार नाही, तो हंगामात असतो. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो. मसाल्याच्या मिरच्या उन्हाच्या तोंडावर. नवा तांदूळ दिवाळीच्या मागेपुढे. वर्षाचं धान्य ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून किंवा डाळीला एरंडेल चोळून भरण्याची आपल्या घरांतली रीत म्हणजे सगळ्यात जुनी घाऊक सूट आहे. जागा आणि निवडायला-वाळवायला हात असतील तर ती जरूर चालवा. वन-रूम-किचनमध्ये तीन-चार महिन्यांचं भरलं तरी पुष्कळ.

मुदत जवळ आलेल्या मालावरची सूट वाईट नसते. आठवड्यात संपणार असेल तर घ्या. ऑनलाइन मागवलेल्या खाद्यपदार्थांच्या बाबतीत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रेत्यांना सांगितलं आहे की डिलिव्हरीच्या वेळी किमान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. पिशवी उघडल्यावर आधी तारखा बघा.

काउंटरवर आणि दारात

मॉलमध्ये बिल होताना स्क्रीनकडे लक्ष ठेवा. शेल्फवरच्या पट्टीवर एक भाव आणि मशीनमध्ये दुसरा, किंवा ‘एकावर एक मोफत’ असून दोन्हींचे पैसे लागलेले, हे रोज कुठेना कुठे होतं, बहुतेक वेळा निष्काळजीपणाने. दाराशी बिलावर शिक्का बसायच्या आत, काउंटरजवळच उभं राहून ओळीओळीने तपासा. मागे रांग आहे म्हणून संकोचू नका. मोबाइल नंबर मागतात तो द्यायलाच हवा असं नाही. ग्राहक मंत्रालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना तसा आग्रह न धरण्याचं सांगितलं आहे. पॉइंट हवे असतील तर द्या, नको असतील तर “नंबर नाही देत” म्हणा.

छापील किमतीहून जास्त घेतले, ऑफर दाखवून नाकारली, पैसे अडकले, तर आधी दुकानाकडे लेखी तक्रार करा. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल आणि ऑफरचा स्क्रीनशॉट जवळ असला की निम्मं काम झालेलं असतं, म्हणून ऑर्डर करण्याआधी ऑफरचं पान टिपून ठेवायची सवय लावून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमुक कंपनीचा वर्धापनदिन, दोन हजारांचं कूपन, दहा जणांना पाठवा’ असं येतं ते उघडूसुद्धा नका. आणि घरातल्या ज्येष्ठांना एक गोष्ट नीट समजावून सांगा: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. पैसे मिळवण्यासाठी, कॅशबॅक जमा होण्यासाठी कुणी पिन टाकायला सांगितला तर तो चोर आहे. पैसे गेलेच तर एक मिनिट न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

चार घरं मिळून

महाराष्ट्रात एकत्र खरेदीची परंपरा अ‍ॅपवरच्या कूपनांच्या कितीतरी आधीची आहे. मुंबईच्या नायगावात कामगारांनी १९४८ साली अपना बाजार उभा केला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र खरेदी करते आणि वाटते. तुमच्या भागात असा ग्राहक संघ असेल तर जाऊन सभासद व्हा. नसेल तर सोसायटीतली पाच-सहा घरं पुरेत. तांदळाचं पोतं, तेलाचे डबे, गुळाच्या ढेपी, आंब्याच्या पेट्या एकत्र मागवा. एका घराने भाव काढायचे, एकाने पैसे गोळा करायचे, एकाने वजन करून वाटायचं. पुढच्या वेळी कामं बदलायची. पैसे आगाऊ घ्यायचे आणि मूळ बिल गटावर टाकायचं, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळा, शेजार टिकतो.

महिनाअखेरची मोजणी

पहिला महिना फक्त वही भरण्यात घालवा, एकही कोड शोधू नका. दुसऱ्या महिन्यात फक्त पुड्यावरच्या ऑफर आणि एकाच अ‍ॅपचे किंवा दुकानाचे कोड वापरा. तिसऱ्यात बँकेची ऑफर आणि गिफ्ट कार्ड जोडा. एकदम सहा अ‍ॅप उतरवून घेतली तर आठ दिवसांत कंटाळा येतो, आणि रोज येणाऱ्या सूचनांनी नको ते घेतलं जातं. अ‍ॅपच्या सूचना बंद ठेवा. यादी तयार झाली की तुम्हीच अ‍ॅप उघडा. कोड शोधण्याला आठवड्यात अर्ध्या तासाहून जास्त देऊ नका.

महिना संपला की वाणसामानावरचा एकूण खर्च वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. बिलांवर छापलेल्या बचतींची बेरीज करू नका. तीन महिन्यांनी पाहा: एकूण रक्कम उतरली का? उतरली नसेल तर घरात साठा वाढलाय, पाहुणे आले होते, की ऑफरपायी नको ते घेतलं गेलं, हे वहीतल्या नोंदींवरून कळेल. सणाच्या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच सणाशी करा. दिवाळीचं तूप, मैदा आणि सुकामेवा श्रावणातल्या बिलाशेजारी ठेवून काहीच कळणार नाही.